बॉलरला मर्यादा चालते, मग बॅट्समनला का नाही?

उन्हाळ्याच्या सुट्टीत होणाऱ्या चौदा वर्षांखालच्या मुलांच्या वीस षटकांच्या स्पर्धेची नियमावली आम्ही काही जणांनी मिळून लिहिली आणि संघांना पाठवली. लगेच टीकेची झोड उठली. काही प्रशिक्षकांनी लिहून कळवलं, काही पालकांनी फोनवर ऐकवलं. मुख्य रोख तीन कलमांवर. एक, ३० चेंडू खेळून झाले की बॅट्समनने निवृत्त व्हायचं. बाकीचे सगळे खेळून झाले तरच त्याला परत येता येईल. दोन, कुणाही बॉलरला तीनपेक्षा जास्त ओव्हर मिळणार नाहीत, म्हणजे २० ओव्हर टाकायला किमान सात जणांच्या हातात चेंडू द्यावाच लागेल. आणि तीन, ज्याला एका सामन्यात बॅटिंग मिळाली नाही, तो पुढच्या सामन्यात पहिल्या चारात खेळेल. 'प्रसाद वाटल्यासारखी बॅटिंग वाटताय,' असं एका सरांनी सुनावलं. दुसऱ्यांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं, 'तुमच्या नियमांत सचिन घडलाच नसता.'

नियम मागे घेणार नाही हे आधीच सांगतो. पण ज्यांनी वेळ काढून आक्षेप घेतले, त्यांना कारणं कळायला हवीत.

आधी थोडं गणित. वीस ओव्हर म्हणजे १२० चेंडू. सलामीच्या दोघांनी पन्नास-पन्नास खेळून काढले तर उरले २०. ते तीन, चार आणि फार तर पाच नंबरच्या वाट्याला येतात. सहापासून अकरापर्यंतची मुलं पहाटे उठून, पांढरे कपडे घालून, किटबॅग पाठीवर टाकून लोकलच्या गर्दीतून येतात आणि त्यातली निम्मी तरी थर्डमॅनला उभी राहून घरी जातात. त्यातून स्पर्धा नॉकआउट असेल तर हरल्यावर दुसरा सामनाही नाही. वर प्रवेश फी सगळ्यांची सारखी. बदलापूरहून पहिल्या गाडीने ओव्हल मैदानावर यायचं आणि एकही चेंडू न खेळता दुपारच्या जेवणाला घरी परतायचं, याला 'एक्सपोजर' म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे.

आखूड षटकांच्या खेळात सगळ्यात दुर्मीळ गोष्ट चेंडू आहे. तीन दिवसांच्या सामन्यात चेंडूंचा तुटवडा नसतो, तिथे वेळ पुरवून वापरावा लागतो. वीस ओव्हरच्या सामन्यात मोजके १२० आहेत आणि ते कुणाला मिळणार याचा निर्णय कुणीतरी घेतोच. नियम नसेल तेव्हा तो निर्णय कॅप्टन, सर आणि कधीकधी स्पॉन्सर झालेले बाबा घेतात. म्हणजे आम्ही नियम लिहून वाटणी सुरू केली असं नाही. ती आधीपासून चालूच होती, फक्त लिहिलेली नव्हती.

आता प्रश्न असा की खेळाडूच्या हिश्शाला मर्यादा घालणं क्रिकेटच्या स्वभावाविरुद्ध आहे का? मर्यादित षटकांचं क्रिकेट सुरू झाल्यापासून बॉलर याच मर्यादेत जगतो आहे. १९७५ च्या पहिल्या विश्वचषकात ६० ओव्हर होत्या आणि बॉलरला जास्तीत जास्त १२. पुढे ५० ओव्हर झाल्या तेव्हा १०. टी-ट्वेंटीत चार. इंग्लंडमधल्या शंभर चेंडूंच्या नव्या स्पर्धेत वीस. खेळाची लांबी कितीही बदलली तरी बॉलरचा वाटा एक पंचमांशाच्या वर जात नाही. बुमराह कितीही भेदक टाकत असला तरी चोविसाव्या चेंडूनंतर कॅप्टनने त्याला थांबवलंच पाहिजे. त्याला कुणी प्रसाद म्हणत नाही. 'चार ओव्हरच्या नियमात महान बॉलर घडत नाहीत,' असा लेख माझ्या तरी वाचनात नाही. मग बॅट्समनला १२० पैकी ३०, म्हणजे पुरा चौथा हिस्सा दिला, बॉलरपेक्षा कितीतरी जास्त दिला, तर तो अन्याय कसा?

त्याच १९७५ च्या विश्वचषकातला पहिला दिवस आठवा. लॉर्ड्सवर इंग्लंडने ३३४ केल्या होत्या आणि सुनील गावसकर ६० ओव्हर खेळून ३६ धावांवर नाबाद परतले. त्यांनी खेळले १७४ चेंडू, ३६० मधले जवळजवळ निम्मे. भारताचे तीनच गडी बाद झाले आणि धावा १३२. कसोटीतल्या इतक्या थोर सलामीवीराला दोष द्यायला हे लिहीत नाही. त्या खेळीची चेष्टा करायची सवय पन्नास वर्षं जुनी आहे, तिच्यात भर घालण्यात अर्थ नाही. पण बॉलरला १२ ओव्हरचं कुंपण आणि बॅट्समनला मोकळं रान, ही विषमता त्या दिवशी जितकी उघडी पडली तितकी पुन्हा क्वचितच पडली असेल. मोठ्यांच्या खेळात ती चालते, कारण तिथे मोबदला घेऊन खेळणारे व्यावसायिक आहेत आणि प्रेक्षक बॅटिंग बघायला पैसे मोजतात. तेरा वर्षांच्या पोरांच्या सामन्याला तिकीट नसतं.

आता सचिनकडे येऊ, कारण हा आक्षेप सगळ्यांत जास्त वेळा आला. फेब्रुवारी १९८८. आझाद मैदान, हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेची उपांत्य फेरी, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागी ६६४. शारदाश्रमने २ बाद ७४८ वर डाव घोषित केला. ३० चेंडूंनंतर निवृत्त व्हायचा नियम असता तर यातलं काहीच झालं नसतं, असं आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं. अगदी खरं. पण वीस ओव्हरचा सामना असता तरीही काहीच झालं नसतं! १२० चेंडूंत ६६४ धावा कोणत्याही नियमात होत नाहीत. हॅरिस शील्ड ही कित्येक दिवस चालणाऱ्या सामन्यांची स्पर्धा. सर्फराज खानचे ४३९ आणि पृथ्वी शॉचे ५४६ त्याच स्पर्धेतले, अरमान जाफरचे ४९८ जाइल्स शील्डमधले. मुंबईच्या बॅटिंगचा खडूसपणा या मैदानांवर घडला, कारण तिथे मुलाला 'उद्या सकाळी परत ये आणि पुढे खेळ' असं सांगता येत होतं. तो खडूसपणा टिकवायचा असेल तर आग्रह धरायचा तो दोन-तीन दिवसांच्या शालेय सामन्यांचा. तिथे निवृत्तीचा नियम आणायचा प्रस्ताव कुणी मांडला तर त्याच्याविरुद्ध सही करणाऱ्यांत मीही असेन. लांब खेळाची पुण्याई आखूड खेळाच्या खात्यावर जमा करू नये, इतकंच माझं मागणं आहे.

आणि त्या भागीची गोष्ट सांगताना आपण तिसरा मुलगा विसरतो. पुढच्या नंबरवर जायचं म्हणून पॅड बांधून बसलेला अमोल मुझुमदार. भागी चालू होती तोवर तो बसूनच राहिला आणि त्याला बॅटिंग मिळालीच नाही. यावर मला लगेच उत्तर मिळेल की बघा, तरीही तो घडला! रणजी पदार्पणात २६० केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या, आणि २०२५ मध्ये नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तोच होता. मान्य. पण त्याच्या पाठीशी काय होतं तेही बघा. शारदाश्रमसारखी शाळा, रमाकांत आचरेकरांची नेट्स, दुसऱ्या दिवशी दुसरा सामना, दर हंगामात ढीगभर सामने. बसून राहिलेले दोन दिवस त्याला भरून काढता आले. सुट्टीत एखाददुसरी स्पर्धा खेळणाऱ्या, बाकीचं वर्ष शिकवणी आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये काढणाऱ्या मुलाला ते कुठून भरून मिळणार? अपवादात्मक मुलाच्या सहनशक्तीवरून साऱ्या मुलांसाठी नियम ठरवता येत नाही.

नियमच नसले की काय होतं, याचं टोकाचं उदाहरण आपल्याच कल्याणचं आहे. जानेवारी २०१६ मध्ये भंडारी चषकात प्रणव धनावडेने ३२७ चेंडूंत नाबाद १००९ केल्या. के. सी. गांधी शाळेने ३ बाद १४६५ वर डाव सोडला. समोरच्या आर्य गुरुकुलचे दोन डाव ३१ आणि ५२. प्रणवचं यात काही चुकलं नाही. मुलाला खेळायला सांगितलं, तो खेळला, आणि एवढा वेळ एकाग्र राहणं हे मोठंच काम आहे. पण समोर क्षेत्ररक्षण करणारी मुलं परीक्षेमुळे मोठी मुलं येऊ शकली नाहीत म्हणून पाठवलेली लहान वयाची होती, असं तेव्हा बातम्यांतच आलं होतं. जगभर विक्रमाचा गाजावाजा झाला. ती मुलं दोन दिवसांत काय शिकली असतील, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. तो सामना दोन दिवसांचा होता, आमच्या स्पर्धेसारखा वीस षटकांचा नव्हता, हे खरं. पण मुलांच्या सामन्यात एका टोकाला किती चालू द्यायचं याचा विचार आयोजकाने आधी करून ठेवायचा असतो, नंतर अभिनंदनाचे फलक लावताना तो सुचून उपयोग नाही.

फलकांचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलतो. ३० चेंडूंच्या नियमाने मुलाचं शतक जातं, ही तक्रार मुलांकडून आली नाही. ती आली अकादम्यांकडून. 'आमच्या विद्यार्थ्याचं शतक' हा फ्लेक्स चौकात लागला की पुढच्या बॅचला प्रवेश वाढतात. ३० चेंडूंत ४५ करून परतलेल्या मुलाचा फ्लेक्स कोण लावणार? धंदा म्हणून मी हे समजू शकतो. फक्त त्याला 'मुलांचं हित' असं नाव देऊ नये.

सगळ्या आक्षेपांत एक मात्र खरोखर विचार करायला लावणारा होता. एका जुन्या अंपायरने तो मांडला: बॅट्समन ३० चेंडूंनंतर जाणारच आहे हे माहीत असलं की फील्डिंग करणारा संघ त्याला बाद करायचा प्रयत्न सोडतो, वाट बघत बसतो. सेट झालेल्या बॅट्समनला कसं काढायचं हे बॉलर आणि कॅप्टन शिकतच नाहीत. हे होतं. मी स्वतः पाहिलंय. विसाव्या चेंडूनंतर मिडऑफ मागे जातो, स्लिप निघते आणि कॅप्टन स्कोअररला ओरडून विचारतो, 'याचे किती झाले?' पण मोठ्यांच्या टी-ट्वेंटीतही उलट्या बाजूने हेच चालतं. समोरचा सगळ्यात चांगला बॉलर आला की त्याच्या चार ओव्हर नुसत्या काढून टाकायच्या, धोका पत्करायचा नाही, मग दुसऱ्यांना झोडायचं. समालोचक त्याला शहाणपण म्हणतात. मर्यादा आली की तिच्याभोवती डावपेच येणारच. आणि वाट बघणाऱ्या कॅप्टनला शिक्षा मिळतेच: सेट झालेला मुलगा उरलेल्या दहा चेंडूंत वीस धावा काढून जातो. दोन सामन्यांत असं झालं की पोरं आपणहून स्लिप परत लावतात. मोठ्यांपेक्षा ती लवकर शिकतात.

ओव्हरच्या मर्यादेबद्दल मी फार शब्द खर्च करणार नाही, कारण तिथे वाद मुळातच नसायला हवा. तेरा-चौदाव्या वर्षी पाठीचा कणा वाढत असतो आणि वेगवान बॉलिंगचा पहिला घाव कमरेच्या मणक्यावर बसतो. इंग्लंडच्या बोर्डाने तेरा वर्षांखालच्या वेगवान बॉलरला एका स्पेलमध्ये ५ आणि दिवसभरात १० ओव्हर अशी मर्यादा वर्षानुवर्षं ठेवली. एका सामन्यात तीन ओव्हर ऐकून ज्यांना हसू येतं, त्यांनी एवढंच आठवावं की आपल्या स्पर्धांत दिवसाला दोन सामने असतात, संध्याकाळी अकादमीत नेट्स असतात आणि रविवारी तोच मुलगा टेनिस बॉलच्या सामन्यात कॉलनीसाठी पुन्हा टाकतो. त्या सगळ्या ओव्हरची बेरीज कुणाच्याही वहीत नसते.

'खरं क्रिकेट खेळू द्या' म्हणणाऱ्यांनी खरं क्रिकेट लिहिणाऱ्यांचं पुस्तकही उघडून बघावं. एमसीसीच्या नियमांतच तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी लहान आणि हलका चेंडू आहे. ऑस्ट्रेलियाने तर दशकभरापूर्वीच मुलांचं सगळं क्रिकेट नव्याने मांडलं. सगळ्यात लहान मुलांना १६ मीटरची खेळपट्टी आणि सात-सात जणांचे संघ, त्यापुढच्यांना १८ मीटर आणि नऊ-नऊ जण, सीमारेषा जवळ. मग कुठे पूर्ण २२ यार्ड आणि अकरा खेळाडू. त्या देशाला क्रिकेटमध्ये मवाळ म्हणायची हिंमत कुणाची आहे? आपल्याकडे अकरा वर्षांचा मुलगा २२ यार्डांवर चेंडू पोचवण्यासाठी तो हवेत उंच फेकतो, तो वाइड जातो, आणि एक ओव्हर दहा चेंडूंची होते.

वाइडच्या आमच्या कलमालाही विरोध झाला, म्हणून तेही सांगून टाकतो. वाइडला दोन धावा, पण तो चेंडू परत टाकायचा नाही. फक्त शेवटच्या दोन ओव्हरमध्ये परत टाकायचा. यामुळे बॉलरला अचूकतेची शिस्त लागत नाही हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. पण मैदान ठरलेल्या वेळापुरतंच मिळतं. वाइडमुळे सामना अर्धा तास लांबला तर शेवटी दुसऱ्या डावाच्या ओव्हर कापल्या जातात, म्हणजे पुन्हा सात-आठ नंबरच्या पोरांची बॅटिंग जाते. शेवटच्या दोन ओव्हरचा अपवाद का, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलंच असेल: तीन चेंडूंत पंधरा हव्या असतील तर एखादा हुशार कॅप्टन तिन्ही वाइड टाकायला सांगून सामना जिंकेल. बारा-तेरा वर्षांच्या डोक्यात हे येत नाही असं वाटत असेल तर तुम्ही मुलांबरोबर फार खेळलेला नाहीत.

आता उलट बाजू. आम्ही मुलांना गोंजारतो, हा आरोप ज्यांनी केला त्यांच्यातल्याच काहींनी सुचवलं की चेंडू सुटण्याआधी क्रीझ सोडणाऱ्या नॉनस्ट्रायकरला धावबाद करण्यापूर्वी एक ताकीद सक्तीची करा, नाहीतर लहान मुलं रडतील. याला मी ठाम विरोध केला. २०१६ च्या अंडर-१९ विश्वचषकात चट्टोग्रामला झिम्बाब्वेला शेवटच्या ओव्हरमध्ये तीन धावा हव्या होत्या आणि एकच गडी उरला होता. वेस्ट इंडिजच्या कीमो पॉलने पहिल्याच चेंडूला पुढे सरकलेल्या नॉनस्ट्रायकरला धावबाद केलं. वेस्ट इंडिज दोन धावांनी जिंकलं आणि पुढे अंतिम सामन्यात भारताला हरवून विश्वविजेतं झालं. जगभर त्या मुलावर टीका झाली. पुढे २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये एमसीसीने हा प्रकार अनुचित खेळाच्या कलमातून काढून साध्या धावबादच्या कलमात ठेवला. आपल्या बोर्डाची अंडर-१९ ची एकदिवसीय स्पर्धा ज्यांच्या नावाने चालते, त्या विनू मंकडांना एवढ्याच कारणासाठी १९४७ पासून बोल लावला गेला. मुलाने चेंडू सुटेपर्यंत क्रीझमध्ये राहायला शिकायचं, हा खेळाचा भाग आहे. त्यासाठी ताकदही लागत नाही आणि उंचीही नाही. तिथे सवलत कशाला? 'इम्पॅक्ट प्लेअर'ची मागणीही आम्ही अशीच फेटाळली. एक चांगला मुलगा फक्त बॅटिंगला आणि दुसरा फक्त बॉलिंगला आणायचा, ही सोय आयपीएलच्या व्यापारासाठी ठीक असेल. चौदाव्या वर्षी प्रत्येकाने फील्डिंगला उभं राहायलाच हवं.

आणि नियमांच्या शुद्धतेबद्दल इतका कळवळा असणाऱ्यांपैकी किती जणांनी वयाच्या दाखल्यांबद्दल पत्र लिहिलं? एकानेही नाही. २०१५ च्या पतौडी स्मृती व्याख्यानात राहुल द्रविडने वय चोरण्याच्या रोगावर कोरडे ओढले. २०२० मध्ये बोर्डाने स्वतःहून खरं वय सांगणाऱ्यांना माफी आणि पकडले जाणाऱ्यांना दोन वर्षांची बंदी जाहीर केली. बोर्ड हाडांची चाचणी करतं, आम्हाला ती परवडत नाही. म्हणून आम्ही जन्मानंतर वर्षाच्या आत नोंद झालेला दाखलाच मागितला. नेमक्या या कलमावर सगळे गप्प! या वयात मुलांची शरीरं मुळातच मागेपुढे असतात. एखाद्याला मिसरूड फुटलेली असते, शेजारच्याचा आवाजही फुटलेला नसतो. त्यात दोन वर्षं चोरलेला मुलगा आला तर तो अख्ख्या १२० चेंडूंचा मालक होतो. ३० चेंडूंची मर्यादा त्यालाही थोडा लगाम घालते, हा तिचा न बोललेला फायदा. कदाचित म्हणूनच ती काहींना बोचते.

मोठ्यांनी येण्याआधी मुलांनी स्वतः नियम केले होते, हेही ध्यानात घ्या. गल्लीत नऊ पोरं जमली तर नववा 'कॉमन' होऊन दोन्हीकडून खेळायचा. शेवटचा गडी उरला तरी 'लास्टमन बॅटिंग' मिळायची, कारण कुणी फुकट घरी जाऊ नये. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग हा अन्यायही होता, पण बॅटवाला आउट झाल्यावर हट्ट करायला लागला की बाकीचे सरळ खेळ बंद करायचे. वाटणी कशी करायची हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि त्यांच्यातूनच पुढे रणजी खेळणारेही निघाले.

तेव्हा तिन्ही कलमं राहतील. साखळी सामने प्रत्येक संघाला किमान तीन मिळतील, नॉकआउट फक्त शेवटच्या चार संघांत. ज्यांना अजूनही हे अमान्य आहे त्यांनी जरूर लिहावं; फक्त पत्रासोबत आपल्या संघाच्या मागच्या स्पर्धेच्या स्कोअरबुकाची पानं जोडावीत आणि प्रत्येक मुलाने किती चेंडू खेळले, किती टाकले, ते त्याच्या नावापुढे लिहावं. चर्चा त्या आकड्यांवर करू.